थंडीत बघू, मॅडम

विलास, तुझ्या शोकसभेला जाऊन आले. शी!

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. हा तरी माझा कुठे, तुझाच. माझा कोड वाचता वाचता खुर्ची मागे सारून तोंड वाकडं करायचास आणि म्हणायचास, "शी, मॅडम! हे काय लिहिलंय?" परवा त्या हॉलमध्ये बसल्या बसल्या माझं तोंड तसंच झालं असणार, कारण शेजारची बाई हळूच विचारत होती, पाणी हवंय का म्हणून.

एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "विलासभाऊंनी कॉम्प्युटरचा वेग वाढवून नाशिकचं नाव जगात नेलं." वाढवून! अरे, आयुष्यातली दोन वर्षं तू वेग कमी करण्यात घातलीस. चिपला काम नसेल तेव्हा तिने हळू चालावं, कमी वीज खावी, बॅटरी जास्त पुरावी, एवढंच तुझं म्हणणं होतं. पण भाषण करण्याआधी कुणाला तरी विचारावं एवढीही तसदी त्यांनी घेतली नव्हती. दुसऱ्याने तुझं आडनाव चुकवलं. तिसऱ्याने माइक हातात घेऊन स्वतःच्या नव्या शोरूमबद्दल सांगितलं, मग तुझी आठवण झाली तशी दोन सेकंद मान खाली घातली. मागून वेफर्सच्या प्लेटा फिरत होत्या. तुझ्या फोटोसमोर माणसं कुरुमकुरुम वेफर्स चावत होती.

हेही सगळं मी गिळलं असतं. तो फ्लेक्स नाही गिळवला.

स्टेजच्या मागे, तुझ्या फोटोच्या दुप्पट मोठ्या अक्षरांत, इंग्रजीतून एक ओळ: टेस्टेड बाय विलास, नाशिक. वर मराठीत 'जगाच्या कर्नलमध्ये नाशिकची सही'. हा कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा की फौजेतला साहेब, हेही छापणाऱ्याला माहीत नसेल. कुणातरी हौशी माणसाने इंटरनेटवर तुझं नाव शोधलं असणार, ही एवढी एक ओळ सापडली असणार, आणि लगेच छापायला टाकली. त्या सबंध हॉलमध्ये ती ओळ खोटी आहे हे एकट्या मला माहीत होतं. मला चार शब्द बोलायला बोलावलं. मी घसा बसलाय असं खुणेने सांगितलं आणि बसून राहिले.

तुझी माझी ओळख झाली ती मॉनिटरमुळे. नव्वदच्या दशकाचा शेवट. कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये मी कॉम्प्युटरची 'सी' भाषा शिकवायचे आणि तू तिथले मॉनिटर दुरुस्त करायला यायचास. मनमाडचा, आयटीआय केलेला, खिशाला टेस्टर. मॉनिटर उघडून मागच्या बाकावर काम करता करता तू माझं शिकवणं ऐकत बसायचास, आणि एक दिवस फळ्याकडे टेस्टर रोखून म्हणालास, "मॅडम, हा लूप थांबणारच नाय." वर्ग खो खो हसला. मी कडाडले, तुम्ही तुमच्या मॉनिटरकडे बघा म्हणून. मग फळ्याकडे नीट पाहिलं. नव्हताच थांबणार. त्या दिवसानंतर तुला मी 'तू' म्हणायला लागले. तू मात्र दोन वर्षांनी मोठा असूनही शेवटपर्यंत 'मॅडम' आणि 'तुम्ही'च.

आणि मग तो लॅपटॉप. आज आठवला तरी अंगावर शहारा येतो. विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याने मुंबईहून जुना घेतलेला, पडून स्क्रीन फुटला म्हणून तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात टाकून गेलेला. "ठेवून घ्या, नको मला ती कटकट." तू तो उघडलास. पंख्यात कांद्याची सालं अडकलेली, कीबोर्डखाली झुरळांची अंडी, आणि वास! मी ओढणी नाकाला लावून फुटपाथवर उभी. तू आत ब्रशने सालं झाडत बसलेला आणि तोंडाने चालू, "या, या मॅडम, बघा तरी. खास लॅपटॉपची, मोबाइल चिप हाये. हिला चालता चालता वेग बदलता येतो." जसं काही सोनं सापडलं.

त्या वर्षांत नाशिकमध्ये लोडशेडिंग म्हणजे काय होतं हे आताच्या पोरांना सांगून पटणार नाही. दुपारी लाइट गेली की आख्खी गल्ली जनरेटरच्या धुराने खोकायची. तो लॅपटॉप लाइट गेल्यावर चाळीस मिनिटांत मान टाकायचा. तुझं गणित सरळ होतं: आपण विचार करत बसतो तेव्हा ही बया पूर्ण वेगाने धावत बसते. तिला चौदाशेवरून पाचशे मेगाहर्ट्झवर उतरवली तर तास-दीड तास सहज निघेल. विकतच्या सिस्टिममध्ये ती सोय होती. आपण वापरायचो त्या मोकळ्या, कुणीही उघडून बघावा अशा कर्नलमध्ये त्या चिपसाठी नव्हती. "मग आपण लिहू," तू म्हणालास. चहा टाकू म्हणावं तसं.

मी लिहायचं, तू मोजायचं. क्लास सुटला की मी तुझ्या दुकानात. फुटक्या लॅपटॉपला चौदा इंची मॉनिटर जोडलेला, खाली वर्तमानपत्र, आणि बाजूला पॉलिटेक्निकच्या भंगारातून तू उचलून आणलेला सीआरओ, म्हणजे व्होल्टेजची रेघ दाखवणारा तो जुना डबा. नियम तू मला बोटांवर शिकवलास. वर चढताना आधी व्होल्टेज वाढवायचं, मग वेग. उतरताना आधी वेग कमी करायचा, मग व्होल्टेज. उलटं झालं की चिप उपाशीपोटी धावते आणि मशीन जागच्या जागी हँग. आणि दोन्हींच्या मध्ये थोडं थांबायचं, कारण व्होल्टेज सांगितल्याबरोबर बदलत नाही, त्याला बसायला वेळ लागतो.

थांबायचं म्हणजे किती? आपलं भांडण तिथे. लॅपटॉपच्या आत कंपनीने एक तक्ता भरून ठेवलेला होता, इतक्या वेगाला इतकं व्होल्टेज, बदलताना दहा मायक्रोसेकंद थांबा. मी म्हटलं, कंपनीने लिहिलंय, आपण कोण शहाणे? तू रेघेकडे बघत म्हणालास, "लिहिणारा जेवायला जायच्या घाईत होता. हे बघा ना, या ओळीत जो वेग लिहिलाय तो या चिपला हायेच नाय. दुसऱ्या मॉडेलचा तक्ता उचलून चिकटवलाय. शी!" तुझी ती किळस! घाण काम बघितलं की तुला अन्न गोड लागायचं नाही. कांद्याच्या सालांची, झुरळांची कधी वाटली नाही, पण कुणी न मोजता आकडा लिहिला की तू दिवसभर तोंड पाडून बसायचास.

तर दुपारच्या उकाड्यात ते व्होल्टेज दहा मायक्रोसेकंदांत जेमतेम बसायचं. मला जेमतेम चालत होतं, तुला नव्हतं. "थंडीत बघू, मॅडम," हे तुझं पालुपद. "बोर्डावरचे कपॅसिटर गारठले की आळसावतात. पहाटे बघितल्याशिवाय मी काय सांगू शकत नाय." तेव्हा सप्टेंबर चालू होता. मी कपाळावर हात मारून घेतला. "विलास, मी स्क्रिप्ट लिहून देते. हजार चढउतार दोन मिनिटांत होतील." तू मान हलवलीस. "होतील ना. पण गरम असताना होतील. गार असतानाचे कोण करणार?" तुझी पद्धत माहीतच होती मला. एकेक चढउतार हाताने, रेघेवर डोळा, वहीत काडी, दर शंभरानंतर मशीन गार होऊ द्यायची. आणि हजार झाल्याशिवाय शेवटच्या रकान्यात सही नाही.

हे तुला वडिलांकडून आलेलं. ते मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपात होते, पुलांचे गर्डर व्हायचे तिथे. त्यांचं काम रिव्हेट, म्हणजे लोखंडाचे सांधे धरणारे खिळे, तपासायचं. छोट्या हातोडीने प्रत्येक रिव्हेट ठोकायचा, दुसऱ्या बाजूला बोट टेकवून थरथर जोखायची, ढिला लागला तर खडूने गोल करायचा. सगळे ठोकून झाले की गर्डरच्या कोपऱ्यात आपला पंच मारायचा, लोखंडात उमटलेलं एक बारीक चिन्ह, ज्याचं त्याचं वेगळं. "पूल पडला की आधी पंच बघतात, मॅडम," तू सांगायचास. "म्हणून साहेब डोक्यावर येऊन उभा राहिला तरी वडील न ठोकता पंच मारत नसत." एकदा ते दुकानात आले होते, तेव्हा तू त्यांना कर्नल समजावलास: "बाबा, हे वर्कशॉपच समजा, पण भिंती नसलेलं. कॉम्प्युटरचा गाभा तिथं तयार होतो. जगातला कुणीबी आपला भाग घेऊन येतो, बाकीचे ठोकून बघतात, बसला तर लावतात." म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पंच कोण मारतो?"

मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं. गोड! तुम्ही बापलेक मला एक नियम सांगत होता आणि मी किस्सा ऐकत होते.

ऑक्टोबरात मला पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. फोनवर त्यांनी विचारलं, कर्नलमध्ये तुमचं काही गेलंय का? मी म्हटलं, जाणार आहे. तोपर्यंत आपला ड्रायव्हर, म्हणजे चिपचा वेग बदलणारा तो कोड, मी मेलने पाठवून दिलेलाच होता. कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या माणसाचं उत्तर आलं, दोन ओळींचं: कोड ठीक दिसतो. लिहिणारी सोडून आणखी कुणी खऱ्या मशीनवर तपासलाय का? या आठवड्यात कळलं तर घेतो.

तू नेमका मनमाडला. वडील मोरीत घसरून मांडीचं हाड मोडलेलं, तू दवाखान्यात. मी दवाखान्यात फोन करून तुला फोनवर बोलावून घेतलं. पहिल्यांदा वडिलांची चौकशी केली का मी? केली, एका वाक्यात. मग लगेच मुद्द्यावर आले.

"मॅडम, यांना इथं टाकून कसा येऊ? आणि थंडी कुठं पडलीय अजून?"

"अरे, दुपारी शंभरदा तर बघितलंयस तू. एक ओळ तर लिहायची आहे."

तू शांतपणे म्हणालास, "मग ती लिहू नका."

मी लिहिली.

सायबर कॅफेत बसून, शेजारी एक मुलगा गेम खेळत असताना, मी ते तीन शब्द आणि पुढे 'नाशिक' टाइप केलं आणि पाठवलं. सुटले एकदाची असं वाटलं. आठवड्याच्या आत आपला ड्रायव्हर कर्नलमध्ये गेला. फाइलच्या डोक्यावर माझं नाव आणि त्याखाली ती ओळ. ते पान छापून मी पुण्याला नेलं, टेबलावर ठेवलं, समोरचे दोघे वाचून एकमेकांकडे बघून हसले आणि मला नोकरी मिळाली. तुझ्या नावाने खोटा पंच मारून मिळवलेली नोकरी, विलास. पेढे वाटले मी. तुझ्या घरीही पाठवले. शी, शी!

दिवाळी झाली, थंडी पडली आणि मेल यायला लागले. आधी एक, मग चार-पाच. गार गार देशांतली माणसं: सकाळी लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की काही मिनिटांत हँग होतो. एका विद्यार्थ्याने लिहिलं, प्रबंधाचं आख्खं प्रकरण डिस्कवर उतरता उतरता गेलं. आणि एकाने सगळ्या जगासमोर तुझं नाव घेऊन विचारलं, या नाशिकच्या माणसाने नक्की काय तपासलं होतं, की नुसतीच सही ठोकली?

मी पुण्यात, नव्या ऑफिसच्या नव्या खुर्चीत बसून ते वाचलं. उत्तर लिहायला घेतलं, खोडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा खोडलं. दोन दिवस असे घालवले. मॅनेजर येता जाता विचारायचा, तुमच्या ड्रायव्हरचं काहीतरी चाललंय ना? आणि मी म्हणायचे, बघतेय.

तिसऱ्या दिवशी तुझा मेल आला. तुझ्या त्या मोडक्यातोडक्या, पण एकही शब्द जास्त नसलेल्या इंग्रजीत. माझी तपासणी अपुरी होती. मी थंडीत तपासायला हवं होतं. चूक माझी आहे. दुरुस्ती सोबत जोडली आहे. खाली हजार चढउतारांचा तक्ता, पहाटेचे वेगळे, दुपारचे वेगळे. कंपनीचा आकडा काहीही असो, निदान साठ मायक्रोसेकंद थांबायचं, एवढा एका आकड्याचा बदल. मशिनी हँग व्हायच्या थांबल्या. त्या सांभाळणाऱ्या माणसाने तुझी दुरुस्ती दुसऱ्या तीन बदलांत मिसळून घेतली आणि शेरा मारला, 'वेळ वाढवला'. तुझं नाव त्यात आलंच नाही. म्हणजे तू जे केलंस तिथे तुझं नाव नाही, आणि जे केलं नाहीस तिथे आहे.

मी फोन केला. "तू असं का लिहिलंस?"

"मग काय लिहू? नवी नोकरी हाये तुमची."

"विलास, मी ते..."

"जाऊ द्या, मॅडम. लाइट आली, ठेवतो."

आणि मी जाऊ दिलं. आज मला सगळ्यात जास्त ओकारी येते ती या जाऊ देण्याची. कॅफेत ती ओळ लिहिली ती घाईत, हव्यासापायी, ते तरी समजू शकते. पण पुढची इतकी वर्षं? तेव्हा कुठली घाई होती? एक मेल लिहायचा होता. दर वर्षी थंडी पडली की मला आठवायचं, आणि मी स्वेटर काढायचे आणि विसरायचे.

तुझाही राग येतो मला, लपवत नाही. कुणी सांगितलं होतं अंगावर घ्यायला? ओरडायचं होतंस. चारचौघांत माझी खरडपट्टी काढायची होतीस, ती व्हायलाच हवी होती. तुझ्या त्या गप्प बसण्याने मी सुटले असं मला वाटत राहिलं.

सुटले कसली! पुढे मी नाशिकला आले की दुकानात यायचे, नव्या कामाची पानं छापून आणायचे. तू वाचायचास, नीट, एकेक ओळ. खुर्ची मागे जायची नाही. तोंड वाकडं व्हायचं नाही. पानं सारखी करून परत द्यायचास आणि म्हणायचास, "बरं आहे, मॅडम." चहा पाजायचास, मुलांची चौकशी करायचास, सगळं पहिल्यासारखं. फक्त तुझी ती 'शी' गेली. एकदा मी मुद्दाम एक लूप घातला, कधीच न थांबणारा, अगदी त्या फळ्यावरच्यासारखा. तुझे डोळे त्या ओळीवर थांबले. मी बघत होते, थांबले ते. मग तू पान उलटलंस आणि म्हणालास, "बरं आहे." घरी जाताना रिक्षात रडले मी.

तू गेल्याचा फोन कल्पनाने केला. तुझी बायको किती कमी बोलते ते तुला सांगायला नको. "मॅडम, हे गेले. तुम्ही या." बस. शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले तर ती तुझ्या खुर्चीत बसून वायरी गुंडाळत होती. हॉलवाल्यांनी तो फ्लेक्स तिला आणून दिला होता. ती म्हणाली, "शटरवर लावू म्हणते. यांचं नाव एवढ्या मोठ्या जागी लागलंय, पोरांना दिसत राहील." मग माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, यात यांनी नेमकं काय तपासलं होतं?"

घसा बसलाय असं तिला सांगता आलं नाही. सांगितलं सगळं. मनमाडचा फोन, कॅफे, पुणं, तुझा मेल. ती वायर गुंडाळत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे ही ओळ खोटी हाये."

"हो."

"मग काढा ती."

मी म्हटलं, "कल्पना, फ्लेक्सचं सोड. कर्नलमधून काढली तर तिथे त्याचं नाव कुठेच उरणार नाही. तेवढ्या एकाच जागी आहे ते."

तिने वायर खाली ठेवली. "सासऱ्यांचा झिजलेला पंच देवापाशी ठेवलाय मी. त्याच्याशेजारी हे कसं ठेवू?" आणि उठून तिने फ्लेक्सची घडी घातली. आता तो उलटा करून दुकानापुढे उन्हाला बांधलाय, पांढरी बाजू वर.

लॅपटॉप अजून होता तुझ्याकडे! वरच्या फळीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेला, सीआरओही तिथेच. कल्पनाने तो रात्रभर गच्चीवर गारव्याला ठेवला आणि आज सकाळी सहाला मी दुकानात हजर झाले. नाशिकची जानेवारीची थंडी, बोटं वाकत नव्हती. तुझी वही उघडली, नवं पान घेतलं. आधी कंपनीचा आकडा घातला, दहा. तिसऱ्या चढउताराला हँग. तिसऱ्या, विलास! एका गार सकाळी पाच मिनिटं दिली असती तर मला कळलं असतं. मग तुझे साठ घातले आणि सुरू केलं. स्क्रिप्ट नाही. हाताने. पाचशेला उतरवायचं, रेघ बघायची, चौदाशेला चढवायचं, रेघ बघायची, काडी. दर शंभराला थांबून गार होऊ द्यायचं. मला वाटायचं हा तुझा हट्ट आहे. चारशेच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं की रेघ बसताना एकदा बारीक उसळते आणि मगच स्थिर होते, आणि ती उसळी पहाटे मोठी असते, उन्हं आल्यावर लहान. इतकी वर्षं तो ड्रायव्हर माझ्या नावावर आहे आणि मी ती उसळी आज पाहिली. तू किती बघितलं होतंस आणि किती कमी बोलला होतास, ते त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. या एका सकाळसाठी तुझे उपकार कसे मानू मला समजत नाही.

कल्पना मधून मधून चहा आणत होती आणि काड्या मोजत होती. दुपारी दोन वाजता हजार झाले.

मग मेल लिहिला. सगळ्या जगासमोर, इंग्रजीत, एकही शब्द जास्त न घालता. या फाइलच्या डोक्यावरची तपासणीची ओळ खोटी आहे. ती मी लिहिली. विलासने तेव्हा तपासलं नव्हतं आणि तपासल्याचं लिहायला मला स्पष्ट नाही म्हटलं होतं. पुढे त्याने जी चूक स्वतःची म्हणून कबूल केली ती माझी होती. सोबत बदल जोडला आहे, दोन ठिकाणी. वरची ती ओळ काढली आहे. आणि आत, जिथे साठचा आकडा आहे, तिथे शेजारी लिहिलं आहे: हा आकडा विलासने नाशिकच्या थंडीत हजार वेळा मोजून काढला.

घेतील की नाही माहीत नाही. इतक्या जुन्या चिपची फाइल कोण उघडतो आता? मॅनेजर वाचेल, नोकरीवरची माणसं वाचतील, तेही ठीक आहे.

वहीचं पान अजून समोर आहे. दहा रांगा काड्या, आणि शेवटचा रकाना, तपासणाऱ्याचा. तुझी अक्षरं मागच्या प्रत्येक पानावर आहेत. आज तिथे मी माझं नाव लिहिलं. काड्या वाकड्यातिकड्या आल्यात, सातव्या रांगेत एक खोडलीय, आणि मेलमध्ये एक स्पेलिंग चुकलंय ते पाठवल्यावर दिसलं. बघ, विलास. नीट एकेक ओळ बघ. खुर्ची मागे सार, तोंड वाकडं कर, काय हवं ते म्हण. 'बरं आहे' तेवढं म्हणू नकोस.